प्रेशर स्विच निघतो तो वायरीमुळे

प्रश्न आपल्या नागपूरच्याच एका तरुण एअरसॉफ्ट खेळाडूचा आहे (एअरसॉफ्ट म्हणजे खऱ्यासारख्या दिसणाऱ्या, प्लास्टिकचे छर्रे मारणाऱ्या बंदुकांचा खेळ). थोडक्यात असा: "काका, माझ्या एम-४ गनच्या हँडगार्डवर (नळीभोवतीच्या, हाताने धरायच्या आवरणावर) टॉर्च लावली आहे. तिचा प्रेशर स्विच, म्हणजे वायरीच्या टोकाचा अंगठ्याने दाबायचा पॅड, सोबत आलेल्या वेल्क्रोने चिकटवला होता. एप्रिल लागल्यापासून दर खेळात निघून येतो. इन्स्टंट ग्लू लावून पाहिला, तोही सुटला. आता काळी इन्सुलेशन टेप गुंडाळली आहे, पण ती हाताला चिकट लागते आणि टॉर्च कधीकधी आपोआप पेटलेलीच राहते. पक्कं कसं बसवायचं? की नवीन स्विच घेऊ?"

तुझ्या प्रश्नात वेल्क्रो आहे, ग्लू आहे, टेप आहे. वायरीचं नाव एकदाही नाही. मला तिथूनच सुरुवात करायची आहे.

माझा धंदा दुचाकींच्या वायरिंगचा. हँडलच्या मानेजवळ वायर का तुटते हे रोज पाहणाऱ्याला तुझ्या स्विचचं दुखणं लगेच कळतं. हँडल पूर्ण डावीकडे आणि पूर्ण उजवीकडे वळलं तरी पुरेल एवढी ढील ठेवली नाही, की सगळा ताण शेवटच्या जोडावर जाऊन बसतो. मग तो जोड कितीही चांगला असो, एक दिवस सुटतोच. टॉर्चच्या टेलकॅपमधून (मागच्या झाकणातून) निघालेली वायर पॅडपर्यंत जाते आणि वाटेत मोकळी असते. स्लिंग (गनचा पट्टा) तिच्यात अडकते, बाही अडकते, मैदानावरची घाणेरी आणि बाभळीची फांदी अडकते. प्रत्येक वेळी ती पॅडला एक झटका देते. तू पॅड चिकटवत राहतोस आणि वायर तो उपसत राहते.

हा झटका कोणत्या बाजूने लागतो तेही बघ. चिकटवलेली वस्तू बाजूला सरकवायला गेलास तर खालचा सगळा गोंद एकदम विरोध करतो. तीच वस्तू एका कडेने उचललीस तर एका वेळी फक्त रेघभर जागेतला गोंद लढतो, तो हरला की पुढची रेघ. गाडीच्या काचेवरचा स्टिकर कोपरा धरून काढतो ना, तसंच. पॅडची वायर एका टोकातून बाहेर येते. म्हणजे ओढ लागते ती नेमकी कडेला आणि वरच्या दिशेने, जिथे गोंदाची ताकद सगळ्यात कमी. म्हणून गोंद बदलून प्रश्न सुटत नाही. आधी वायर बांधायची, मग पॅड बसवायचा. हा क्रम पाळलास तर साधी डबल टेपसुद्धा बरीच टिकते.

वायर बांधण्याच्याही आधी एक काम आहे. गॉगल, ग्लोव्ह्ज, व्हेस्ट, सगळं अंगावर चढव. मॅगझिन काढलेलं आणि बॅटरी सुटी केलेली असू दे. डोळे मिटून गन खांद्याला लाव, जशी खेळात धरतोस अगदी तशी. आधाराच्या हाताचा अंगठा जिथे आपोआप टेकतो तिथे दुसऱ्याला खडूने खूण करायला सांग. हे तीन-चार वेळा कर. बहुतेकांची खूण त्यांनी पॅड चिकटवलेल्या जागेपासून दोन-तीन बोटं मागे येते, कारण पॅड त्यांनी टेबलाशी बसून, नुसत्या टी-शर्टमध्ये असताना लावलेला असतो. पॅड चुकीच्या जागी असला की खेळताना हात पुढे ताणावा लागतो, अंगठा तिरपा घासतो आणि पॅडची एक कड रोज थोडी थोडी उचलली जाते. उजव्या हाताने ट्रिगर दाबणाऱ्याचा पॅड साधारण डाव्या बाजूला नाहीतर वरच्या रेलवर (सामान बसवायच्या पट्टीवर) येतो. तरी माझं ऐकून लावू नकोस, खूण करून लाव.

आता वायर. टेलकॅपपासून पॅडपर्यंत ती हँडगार्डला लागून, शक्य तितक्या सरळ वाटेने ने. टेलकॅपमधून बाहेर पडल्यावर दोन बोटांवर पहिली गाठ आणि पॅडच्या मानेआधी दोन बोटांवर शेवटची गाठ. गाठ म्हणजे केबल टाय किंवा रबराची रिंग. शेवटची गाठ आणि पॅड यांच्यामध्ये वायरीला इंग्रजी 'एस'सारखी छोटी वळणाची ढील दे. सगळी गंमत या ढिलीत आहे. बाहेरून कितीही झटका बसला तरी तो गाठीवर थांबतो, पॅडपर्यंत पोचत नाही. टेलकॅपच्या बाजूलाही तशीच थोडी ढील ठेव, नाहीतर सेल बदलायला टेलकॅप फिरवशील आणि वायर पिळली जाऊन आतून तुटेल. उरलेली वायर गुंडाळी करून लोंबकळत ठेवू नकोस. ती हँडगार्डवर लांबट नागमोडी पसरव आणि मध्ये एक टाय मार. शुअरफायरच्या एसटी०७ सारख्या स्विचला ७ इंच, म्हणजे साधारण १८ सेंटिमीटर वायर असते. टॉर्च आणि अंगठा यांच्यात तेवढंच अंतर असेल तर काम नीटनेटकं होतं. स्वस्तातल्या स्विचला बऱ्याचदा हातभर वायर येते. ती कापून आखूड करण्याआधी सोल्डरिंगचा हात बसलेला हवा; नुसती पीळ देऊन टेप मारलेला जोड चालणार नाही.

केबल टायबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण इथे लोक रुंदी न बघता उचलतात. पिकॅटिनी, म्हणजे आडव्या खाचांच्या रेलचं माप अमेरिकी लष्कराच्या एमआयएल-एसटीडी-१९१३ या मानकात ठरलेलं आहे: खाच ५.२३ मिलिमीटर रुंद आणि एका खाचेच्या मध्यापासून दुसरीच्या मध्यापर्यंत १०.०१ मिलिमीटर. बाजारात मिळणारा ४.८ मिलिमीटरचा टाय त्या खाचेत नेमका बसतो आणि इकडेतिकडे सरकत नाही. जुन्या वीव्हर पद्धतीच्या रेलची खाच ४.५७ मिलिमीटर असते, तिथे ४.८ चा टाय वर राहतो आणि हाताला बोचतो, तिथे ३.६ चा घे. एम-लॉक हँडगार्ड असेल तर त्याची लांबट भोकं ७ मिलिमीटर रुंद आणि ३२ मिलिमीटर लांब असतात, टाय एका भोकातून आत घालून शेजारच्या भोकातून बाहेर काढता येतो. मात्र टाय आतून काय आवळतो आहे ते टॉर्च मारून बघ. आत मोटरची किंवा बॅटरीची वायर असेल तर टाय तिच्यावर जाता कामा नये. काळेच टाय घे, उन्हात पांढऱ्यांपेक्षा जास्त टिकतात. आणि एक गोष्ट खास आपल्याकडची: टाय नायलॉनचे असतात आणि नायलॉनला लवचिक राहायला थोडा ओलावा लागतो. आपल्या एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत ते सुकतात आणि आवळताना तडकतात. पाकीट माळ्यावर उघडं पडलं असेल तर वापरायच्या आदल्या रात्री टाय पाण्यात टाकून ठेव. मी दुकानात उन्हाळाभर असंच करतो. टायचं उरलेलं शेपूट कातरीने तिरपं कापू नकोस, ते चाकूसारखं धारदार होतं. नेलकटरने डोक्याला लागून सपाट काप.

पॅड बसवायला माझी पहिली पसंती रेल कव्हरला आहे. पिकॅटिनी रेलसाठी खास असं कव्हर मिळतं ज्यात पॅडच्या मापाचा खिसा असतो. पॅड खिशात सरकवायचा, कव्हर रेलवर दाबायचं, झालं. गोंद नाही, उन्हाची भीती नाही, आणि पॅड काढायचा तर दोन मिनिटांचं काम. फक्त पॅडची लांबी-रुंदी मोजूनच कव्हर घे. खिशात ढिला पॅड पुढेमागे पळतो, आणि घट्ट खिशात तो सतत दाबलेला राहतो. एम-लॉकवाल्यांसाठी स्क्रूने बसणारे तसेच धारक मिळतात.

असं कव्हर मिळालं नाही तर माझं सगळ्यात आवडतं सामान पंक्चरच्या दुकानात आहे. फुटकी सायकलची ट्यूब माग, कोणीही देतो. ती आडवी कापून बोटभर रुंदीच्या रिंगा कर. बारीक गोल हँडगार्डला सायकलची ट्यूब पुरते, चारही बाजूंनी रेल असलेल्या जाड हँडगार्डला स्कूटरची घे. एक रिंग पॅडच्या पुढच्या टोकावर, एक मागच्या टोकावर, आणि मागच्या रिंगेखालून वायर. दाबायचा मधला भाग पूर्ण मोकळा. ट्यूबचं रबर उन्हात वितळत नाही, पावसात सुटत नाही, घामेजल्या हातातही त्याला पकड असते. वर्षभराने त्याला बारीक चिरा पडतात, तेव्हा नवी रिंग काप. माझ्या स्वतःच्या गनवर हेच आहे. दिसायला साधं आहे, पण पावसाळ्यातल्या काळ्या मातीच्या चिखलात गुडघ्यावर सरकूनही ते जागचं हललं नाही.

गोंदच वापरायचा असेल तर तो नीट वापर. आधी पॅडचं आवरण कशाचं आहे ते बघ. मऊ, किंचित तेलकट वाटणारं सिलिकॉन असेल तर साधी चिकटपट्टी त्यावर लावून ओढ. अजिबात विरोध न करता निघाली तर ते सिलिकॉनच समज, आणि त्यावर नेहमीचा कोणताही गोंद धरणार नाही. सरळ रिंगांकडे वळ. तुझा इन्स्टंट ग्लू सुटण्याचं एक कारण हे असू शकतं. दुसरं असं की तो सुकल्यावर काचेसारखा कडक होतो. पॅड दर वेळी अंगठ्याखाली वाकतो, कडक गोंद वाकत नाही, तो तडकतो. वाकणाऱ्या वस्तूला वाकणाराच गोंद लागतो, म्हणून फोमची अॅक्रिलिक डबल टेप घ्यायची. थ्री-एमची व्हीएचबी त्याच जातीची आहे. तिचं काम वेळेवर चालतं: चिकटवल्यावर २० मिनिटांत साधारण अर्धी ताकद येते, २४ तासांत ९० टक्के, आणि पूर्ण ताकदीला ७२ तास लागतात. रविवारी सकाळी खेळ असेल तर बुधवारी संध्याकाळी चिकटव. शनिवारी रात्री चिकटवून पहाटे निघणाऱ्याचा पॅड दुपारपर्यंत हातात येणारच.

पृष्ठभाग निम्मं आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि निम्मं पाणी अशा मिश्रणाने पूस आणि पूर्ण सुकू दे. पेट्रोलने पुसू नकोस, मागे तेलकट थर राहतो. सिलिकॉन स्प्रेचा हात लागला असेल तर दोनदा पूस. एअरसॉफ्टवाल्यांच्या टेबलावर तो स्प्रे असतोच आणि तो सगळीकडे उडतो. चिकटवताना कूलरच्या झोतात बसू नकोस, ओल्या हवेत पुसलेला भाग लवकर सुकत नाही. डिसेंबर-जानेवारीच्या सकाळी उलट अडचण येते: हँडगार्ड १० अंशांच्या खाली गार असेल तर टेप धरतच नाही, आधी गच्चीवरच्या उन्हात अर्धा तास ठेव. टेप लावल्यावर अंगठ्याने एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जोर देऊन दाबत जा. आणि टेप लावली तरी मागच्या टोकावर एक रिंग चढवच.

उन्हाबद्दल बोलायचं तर आपल्या गावाला वेगळं सांगायला नको. २३ मे २०१३ ला नागपूरचा पारा ४७.९ अंशांवर गेला होता, आणि ते सावलीतलं तापमान. काळा हँडगार्ड उन्हात पडला किंवा बंद गाडीच्या डिकीत राहिला तर त्याहून खूप जास्त तापतो. स्विचसोबत येणाऱ्या वेल्क्रोच्या मागे बहुधा रबरी जातीचा गोंद असतो, तो त्या तापात मऊ पडून सरकतो. म्हणून तुझा पॅड एप्रिलपासून निघू लागला, आधी निघत नव्हता. वेल्क्रोचे आकडे आणि लूप अजून ठणठणीत असतील. हरला आहे तो मागचा गोंद. काळ्या इन्सुलेशन टेपचंही तेच. तिचा गोंद गरम झाला की कडेने बाहेर येतो आणि हाताला लागतो. ती वीज अडवायला केलेली आहे, वस्तू धरून ठेवायला नाही. काढून टाक आणि राहिलेला चिकटपणा खोबरेल तेलाने पुसून घे, नंतर वर सांगितलेल्या मिश्रणाने तेलही पूस.

टॉर्च आपोआप पेटलेली राहते त्याचं कारणही ही टेपच. प्रेशर पॅडच्या आत धातूच्या दोन पट्ट्या असतात, त्यांच्यात थोडं अंतर ठेवलेलं असतं. दाबलं की पट्ट्या भेटतात, सोडलं की वेगळ्या होतात. तू मधल्या भागावर टेप आवळलीस, तेव्हा ते अंतरच कमी केलंस. उन्हात आवरण मऊ झालं की पट्ट्या भेटून बसतात. हेच केबल टायने होतं, म्हणून टाय किंवा रिंग फक्त दोन्ही टोकांवर, जिथे दाबून टॉर्च लागत नाही तिथे. आधी बोटाने पॅड दाबत जा आणि ही मुकी जागा कुठून कुठपर्यंत आहे ते शोध. वाकड्या पृष्ठभागावर पॅड लावलास तरी तो कायम वाकलेला राहून तसाच वागतो. गोल हँडगार्डवर पॅड लांबीच्या दिशेने लाव, आडवा गुंडाळू नकोस.

ही पेटलेली टॉर्च हलक्यात घेऊ नकोस. बॅगेत कपड्यांमध्ये दाबली जाऊन पेटली तर टॉर्चची काच तापते, आतला १८६५० मापाचा लिथियम सेल तापतो, आणि त्यातून आग लागू शकते. खेळ संपला की टेलकॅप अर्धा फेरा ढिला कर. बहुतेक टॉर्चमध्ये तेवढ्याने जोड तुटतो. नाही तुटला तर सेल काढूनच ठेव. गन बंद बॅगेतच न्यायची हे तुला माहीत असेल, तरी सांगतो: टॉर्च लावलेली गन लांबून अगदी खरी वाटते. चहाच्या टपरीवर ती बाहेर काढून कोणाला दाखवू नकोस.

आता एक चूक जी मी स्वतः केली आहे. माझ्या एईजीची (बॅटरीवर चालणाऱ्या एअरसॉफ्ट गनची) बॅटरी पुढे हँडगार्डमध्ये बसते. मी टॉर्च हँडगार्डवर लावली आणि पॅड मागे मॅगझिन बसतं त्या मॅगवेलजवळ, वायर छान टायने बांधून टाकली. पहिल्या खेळात बॅटरी संपली, हँडगार्ड उघडायला गेलो तर वायर त्याला मागच्या भागाशी बांधून बसलेली. चाकूने टाय कापताना वायरीलाच चिरा गेला. तेव्हापासून नियम: टॉर्च, वायर आणि पॅड तिन्ही एकाच भागावर, जो एकत्र निघतो. तुझी बॅटरी स्टॉकमध्ये असेल तर हा त्रास नाही, पण हँडगार्ड उघडून साफ करायची वेळ तुझ्यावरही येईल. चार्जिंग हँडल (मागे ओढायची मूठ) आणि इजेक्शन पोर्ट (बाजूची खिडकी) यांच्या वाटेत वायर येत नाही ना, हेही हँडल पूर्ण मागे ओढून बघ.

मी या एवढ्याशा स्विचचा एवढा विचार का करतो, तेही सांगतो. काही वर्षांपूर्वी हिंगण्याकडच्या एका शेतात संध्याकाळचा खेळ चालू होता. माझ्या पुढच्या मुलाचा पॅड निघून लोंबकळू लागला. अंधार पडत होता, गॉगलवर वाफ धरली होती, वायर कुठे अडकली ते त्याला दिसेना. त्याने गॉगल कपाळावर सरकवला आणि खाली वाकून बघू लागला. त्याच वेळी पलीकडून एक छर्रा आला आणि डोळ्याच्या खाली, गालाच्या हाडावर लागला. ०.२० ग्रॅमचा छर्रा ३५० फूट प्रति सेकंद वेगाने सुटला तर त्यात १.१ ज्यूलहून जास्त ऊर्जा असते. कातडीवर लाल वळ उठतो, डोळ्याचं मात्र कायमचं नुकसान होऊ शकतं. दोन सेंटिमीटर वर लागला असता तर काय झालं असतं ते त्या मुलालाही कळलं आणि मलाही. मैदानात स्विच निघाला तर हात वर करून खेळाबाहेर ये, सुरक्षित जागेत पोच, मगच गॉगलला हात लाव. आणि स्विच असा बसव की ही वेळ येऊच नये.

बसवून झालं की घरीच तपासणी कर. गन स्लिंगवर उलटी लटकवून जोराने हलव. जाड बाहीचा शर्ट घालून हात हँडगार्डवरून पुढेमागे घास, वायर कुठे अडकते ते लगेच कळेल. पॅड सलग पन्नास वेळा दाब, एकदाही टॉर्च लुकलुकली तर टेलकॅपजवळची वायर हलवून बघ. मग गच्चीवर भर दुपारी तासभर ठेव आणि गरम असतानाच पॅड अंगठ्याने कडेला ढकल. तिथे टिकला तर मैदानात टिकेल.

राहिला प्रश्न नवीन स्विचचा. लगेच घेऊ नकोस. मल्टिमीटर बझरवर लाव, टॉर्चपासून टेलकॅप काढ आणि पिना टेलकॅपच्या मधल्या स्प्रिंगला आणि कडेच्या धातूला टेकव. पॅड दाबल्यावर आवाज आला पाहिजे, सोडल्यावर थांबला पाहिजे. आवाज येत असताना पॅडच्या मानेजवळची वायर सगळीकडे वाकवून बघ. आवाज तुटला तर तार आतून गेली आहे. नंतर मीटर ओहमवर घेऊन रोध मोज, पिना एकमेकींना टेकवून येणारा आकडा त्यातून वजा कर. पाव ओहमच्या वर असेल तर टॉर्च मंद होईल, कारण साध्या स्विचमधून टॉर्चचा सगळा करंट त्याच बारीक वायरीतून जातो. २ अँपिअरला पाव ओहम म्हणजे अर्धा व्होल्ट तिथेच गेला, आणि एका लिथियम सेलकडे मुळात ३.७ च्या आसपासच व्होल्ट असतात. पुष्कळदा हा रोध टेलकॅपच्या आट्यांवरच्या मळाचा असतो, म्हणून आटे आणि स्प्रिंग अल्कोहोलने पुसून पुन्हा मोज. तू सांगतोस त्यावरून तुझी टॉर्च पेटते आहे, अगदी जास्तच पेटते आहे. टेप काढल्यावर पॅड सपाट होत असेल आणि मीटर बरोबर सांगत असेल तर तोच स्विच लाव. एक फुटकी ट्यूब आणि चार टाय एवढंच सामान तुला लागेल.